खाल्लेली वाळू

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे, आणि माझी वाळू एकदा एका माणसाने खाल्ली होती. हसू नका. दातांनी नाही खाल्ली. आमच्या लिस्बनच्या खलाशांची ही बोली आहे. माझी वरची कुपी रिकामी झाली की अर्धा तास झाला असे धरून मला उलटे करायचे. आठ वेळा उलटले की सुकाणूवरच्या गड्याची पाळी संपली. एखादा दमलेला गडी वर थोडी वाळू शिल्लक असतानाच मला उलटतो, म्हणजे सुटका लवकर होते. त्याला म्हणतात वाळू खाणे.

माझा जन्म नदीकाठच्या एका अरुंद दुकानात झाला. ग्योमारबाईंनी माझी वाळू भाजली, कुटली आणि नऊ वेळा चाळली. मला विकत घ्यायला कप्तान दुआर्त आले, तेव्हा बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. "याला कोरडं ठेवा, आणि याच्याकडून खोटं बोलवून घेऊ नका."

"खोटं बोलायला माझे खलाशी आहेत की, बाई," कप्तान म्हणाले.

तेव्हा आमच्याकडे लोक मिरीपायी वेडे झाले होते. व्हेनिसचे व्यापारी सांगतील तो भाव द्यावा लागे. समुद्राने थेट मिरीच्या देशात जायचे, व्हेनिसचे नाक कापायचे आणि जमलेच तर परक्यांना आपला धर्मही द्यायचा, असे राजाच्या मनात होते. कप्तानांच्या मनात एवढेच होते की नकाशावर एका तरी जागेला आपले नाव लागावे.

ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. सार्डिन मासे भाजल्याचा वास, ओल्या दोरांची करकर, आणि मला उलटताना दरवेळी म्हटले जाणारे "एक गेली, पुढची बरी जावो." एवढ्या मायेने मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

सुकाणूवर ब्राश असायचा, सेतूबालच्या कोळिणीचा मुलगा, भारी तोंडाळ. पण प्रवासाच्या चौथ्या महिन्यात त्याच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या आणि त्याचे बोलणेच बंद झाले. उभे राहवेना. मग तो मला लवकर उलटू लागला. "माफ कर हं," असे माझ्याशीच पुटपुटायचा. एरवी भर दुपारी सूर्य पाहून माझी चूक दुरुस्त होई. पण अकरा दिवस आभाळ भरलेले राहिले. किती तास चाललो त्यावरून अंतर मोजायचे, म्हणून कप्तानांच्या हिशेबात जहाज होते त्याच्या खूप पुढे गेले. ज्याला वळसा घालायचा ते भूशिर मागे पडले असे समजून त्यांनी जहाज उत्तरेला वळवले, आणि जिथे मोकळे पाणी असायला हवे होते तिथे खडक निघाले.

माझ्या चौकटीला लोकर गुंडाळलेली होती, म्हणून मी वाचले. किनाऱ्यावरची माणसे दूध घेऊन धावत आली. एका म्हातारीने ब्राशचा जबडा धरला आणि कसलासा आंबट पाला त्याच्या हिरड्यांवर चोळला. रोज चोळला. महिन्याभरात तो भाकरी चावू लागला. तो तिला 'मांय' म्हणे. आमच्याकडे आईला मांय म्हणतात. तुम्हाला तो शब्द परका वाटणार नाही.

जहाज दुरुस्त झाले. कप्तानांनी किनाऱ्यावर दगडी खांब रोवला आणि वहीत लिहिले, 'या उपसागराचा शोध मी लावला.'

ब्राश म्हणाला, "शोध कसला, कप्तान? आपण वाट चुकलो. मी वाळू खाल्ली म्हणून चुकलो."

कप्तानांनी वही मिटली. मग म्हणाले, "वाळू खाल्लीस ना? आता हेही गिळ."

ब्राशने गिळले. लिस्बनमध्ये घंटा वाजल्या आणि उपसागराला दुआर्त हे नाव मिळाले.

पाच वर्षांनी त्याच नकाशावरून आम्ही परत गेलो. माणसे पहिल्यासारखीच दूध घेऊन आली. या वेळी आमच्याकडे साखळदंड होते. चाळीस जणांना जहाजावर चढवले, आणि त्यांत ती म्हातारी होती. तिने सुकाणूवरच्या ब्राशला ओळखले. तिने स्वतःच्या हिरडीवर बोट ठेवले. बरे आहे ना आता, असे ती विचारत होती.

ब्राश कप्तानांच्या पाया पडला. "तिला सोडा. ती माझी मांय आहे."

"तुझी मांय सेतूबालला मासे विकते. सुकाणू धर."

आणि त्याने सुकाणू धरले, मित्रांनो. हे सांगताना मला आजही त्याचा राग येतो आणि कीवही येते. लिस्बनच्या धक्क्यावर तिला नवे नाव देऊन विकले. त्यानंतर ब्राश समुद्रावर गेला नाही. तो दारोदार हिंडून एका म्हातारीची चौकशी करी, आणि भेटेल त्याला वाळूची गोष्ट सांगे. लोक म्हणत, खलाशाच्या गप्पा. तिचे खरे नाव त्याने कधी विचारलेच नव्हते. मग तो शोधणार तरी कसा? शोध लावणाऱ्याचे नाव नकाशावर राहिले. शोध घेणारा हिंडून हिंडून मेला.

आता मी एका काचेच्या कपाटात असते. खाली पाटी आहे, 'या घड्याळाच्या मदतीने दुआर्त उपसागराचा शोध लागला.' तुमच्यासारखी मुले येतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात. इथली माणसे माझी काळजी घेतात, रोज काच पुसतात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ग्योमारबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मला कोरडे ठेवले आहे. दुसरी तेवढी पाळायची राहिली आहे.