तू म्हणायची परीक्षा

अमेरिकेतल्या कॅथलिक कॉलेजातून जोआना २००२च्या सुट्टीत आखातात अल ऐनला घरी आली, ती ‘कोर करिक्युलम’ची, म्हणजे सक्तीच्या विषयांची, तक्रार घेऊनच. वसईत वाढलेल्या तिच्या आईला, ओल्गाला, कोर एकच ठाऊक, भाकरीची. या कॉलेजात मात्र कोर म्हणजे जवळजवळ अख्खी भाकरीच होती. धर्मशास्त्र सक्तीचं, तत्त्वज्ञान सक्तीचं, वर दोन सत्रं परकी भाषा. आवडीचं निवडायला उरला चतकोर, आणि जोआनाचा जीव अडकलेलं खगोलशास्त्र काही त्यात मावेना.

पळवाट एकच होती. इंग्रजीखेरीज आणखी एखादी भाषा येते हे फोनवरच्या तोंडी परीक्षेत दाखवलं, की भाषेची अट माफ. पोरीने बेधडक ‘मराठी’ असं कळवून टाकलं. ओल्गाने कपाळाला हात लावला. या कार्टीने जन्मात कधी आईला मराठीत उत्तर दिलं नव्हतं. आई मराठीत ओरडायची, लेक इंग्रजीत कुरकुरायची, आणि हॉटेलातल्या नोकरीवरून दमून आलेला तिचा बाप निकोलस दोघींची समजूत हिंदीत काढायचा.

पण अडला हरी! दोन आठवडे जोआना स्वयंपाकघरात आईच्या मागेमागे मराठी बोलत फिरली. ओल्गाला स्वर्ग दोन बोटं उरला. अट घालणाऱ्या त्या फादरांना तिने मनोमन दुवा दिला.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजने परीक्षक नेमलेल्या सबनीस बाईंचा पुण्याहून फोन आला. स्पीकर चालू होता आणि ओल्गाला तोंड उघडायची बंदी होती. जोआनाने सुरुवातच केली, "कशी आहेस गं? जेवलीस का?"

ओल्गाने ओठ चावला. पोरीच्या कानांवर मराठी पडली ती आईचीच. ऊठ, खा, वर अरबी ‘यल्ला, चल’, आवर लवकर. तिला ‘तुम्ही’ येणार कुठून?

मोठ्या माणसांशी असं बोलतात का, बाईंनी थंडपणे विचारलं.

"मोठं माणूस इथे कुणी नाहीच," जोआना अडखळत म्हणाली. "आजी-आजोबा वसईला. इथे मम्मी, डॅडी आणि देव. तिघांनाही मी तूच म्हणते."

बाईंचा आवाज निवळला. मग म्हणाल्या, अजून जेवले नाहीये, आणि आज कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर दोघी आमटीत चिंच की कोकम यावर अशा रंगल्या, की परीक्षा आहे हे ओल्गाही विसरली. फोन ठेवताना बाईंनी पास केलं, पण ‘तुम्ही’ तेवढं शिकून घे, असंही बजावलं.

ओल्गा आनंदाने ताटं मांडू लागली. जोआना पाणी घेऊन आली आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "मम्मी, तुम्ही बसा. मी वाढते."

ओल्गाने हातातलं ताट खाली ठेवलं.

"ते त्या बाईंना म्हण," ती म्हणाली. "मी काय परकी आहे?"

जोआनाने तिला खांदे धरून खुर्चीत बसवलं.

"नाहीस. बस तू."