उजव्या कानावर बेडूक

आमच्या मुंगीने कानाचं मशीन पहिल्यांदा पाण्याच्या बादलीत टाकलं, तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. दुसऱ्यांदा ते तिच्या बाबाच्या बुटात सापडलं, आणि सापडलं तेही त्याच्या अंगठ्यालाच. तिसऱ्यांदा सगळं घर पालथं घातलं, तर बाईसाहेब मशीन मुठीत धरून पलंगाखाली बसल्या होत्या. घामाने ते पार ओलं झालं होतं.

तिचे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या ताईंनी मला समोर बसवलं. "ऐकण्याबोलण्याची हीच वर्षं आहेत. उठल्यापासून झोपेपर्यंत दोन्ही कानांवर मशीन हवं. नंतर कितीही धावपळ केलीत तरी हे दिवस हाती लागायचे नाहीत."

सासूबाईंनी त्यांच्या परीने उपाय शोधला. कान झाकतील असे रुंद पट्टे विणले, गुलाबी आणि पिवळे. "कुणाला दिसायला नको, कुणी विचारायला नको," म्हणाल्या. बोलल्या त्या मायेनेच. पण पट्टा मशीनवर घासायचा, आणि मुंगीच्या कानात दिवसभर खरखर. आम्ही पोरीला जग ऐकवायला निघालो होतो आणि ऐकवत होतो लोकर.

मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, उसवलेलं शिवणं. चिंध्यांना तिथे काय तोटा! जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा सोडून मी जाड हिरव्या कापडाचा एक बेडूक शिवला. अंगठ्याच्या नखाएवढा. पोटाखाली इलॅस्टिकचा वेढा, म्हणजे तो मशीनच्या पाठीवर ऐटीत बसेल. आणि हौसेला मोल नसतं ना, म्हणून त्याच्या गळ्यात एक बारीकसं घुंगरू टाकलं.

मुंगी बेडूक घालून दोन पावलं धावली आणि कान धरून मटकन खाली बसली. मशीनचा आवाज पकडणारा भाग जिथे, नेमकं त्याच्या तोंडाशी मी घुंगरू बांधलं होतं. लेकीच्या कानात मी देवळाएवढी घंटा वाजवत होते!

"आई, बेडूक लई ओरडतो!" ती रडत म्हणाली.

मी घुंगरू तोडत होते आणि मोजत होते. चार शब्द! तोवरचं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

मग डाव्या कानासाठी गोगलगाय झाली. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की हात पुढे. "बेडूक दे. गोगलगाय दे." त्यांच्या मागून मशीनं आपोआप कानावर चढायची.

"अगं, झाकायचं सोडून तू तर पाटीच लावलीस," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई, पाटीच लावलीय."

दोन दिवस त्या माझ्याशी मोजकं बोलल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर त्यांनीच बेडूक साबणाने धुऊन दोरीवर चिमट्याला लटकवलेला.

शाळेचं मात्र वेगळं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मुंगीच्या डायरीत दोनदा लिहून पाठवलं, ‘कानातील खेळणी काढून पाठवावे.’ मी दोन्ही वेळा वाचलं, सही केली आणि बेडूक घालूनच पाठवलं.

वर्गाचा फोटो होता त्या दिवशी दुकानात फोन आला. "तुमची मुलगी सहकार्य करत नाहीये. या." गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान राहिलं नाही, तशीच धावत सुटले.

पटांगणात तीन बाकांवर मुलं उंचीप्रमाणे उभी. मधल्या बाकावर मुंगी, दोन्ही कान मोकळे. फोटोवाले काका टाळ्या वाजवून दमले होते. "बाळा, इकडे! अगं, इकडे बघ की!" अख्खा वर्ग कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मुंगी कुंपणावरच्या मांजराकडे.

"तुमच्या मुलीला शिस्त म्हणून नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, तिला ऐकू येत नाहीये. तिचं ऐकणं तुमच्या मुठीत आहे."

त्यांनी मूठ उघडली. बेडूक, गोगलगाय आणि दोन्ही मशीनं.

"मी फक्त प्राणी काढायला सांगितले होते! हिने सगळंच काढून हातावर ठेवलं."

"तिच्या लेखी ते एकच आहे."

"बरं, मशीन घाला तिला. प्राणी नकोत."

"तुम्हीच घाला," मी म्हणाले, आणि हाताची घडी घातली. हात शिवशिवत होते, पण घडी सोडली नाही.

मोठ्या बाईंनी बेडूक काढला, मशीन घेतलं आणि तिच्या कानाशी नेलं. नीट न बसलेल्या मशीनने जी शिट्टी मारली, ती मागच्या बाकापर्यंत गेली. मुलं खिदळली.

"बाई, लाल ठिपक्याचं मशीन उजव्या कानाला!" पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "आम्हाला येतं सगळ्यांना."

मुंगीने बोडक्या मशीनकडे बघितलं आणि दोन्ही तळहात कानांवर दाबले.

"बेडूक," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की ती फार मोठ्याने बोलते. "बेडूक!"

ऊन चढत होतं. काकांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी बेडूक परत चढवला, तोही पोट वर करून. मुंगीने तो सरळ केला, बाईंचं बोट धरून योग्य जागी नेलं आणि मशीन बसवून घेतलं. मग गोगलगाय.

"इकडे बघा!" काका ओरडले. मुंगीने पहिल्याच हाकेला मान वळवली.

मुलं वर्गाकडे निघाली तेव्हा बाईंनी एक छापील कागद पुढे केला. "आजच्यापुरतं झालं. उद्यापासून नियम म्हणजे नियम. इथे सही करा."

‘माझा पाल्य शाळेत कानात कोणतीही शोभेची वस्तू घालणार नाही.’ मी वाक्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, ‘मान्य नाही. ती मशीन घालूनच येईल, आणि ती ते जसं घालते तसंच घालून येईल.’ त्याखाली सही केली, नेहमीपेक्षा जरा ठसठशीत.

"असं लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या.

"लिहिलंय की."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा. वरच्यांनी बोलावलं तर तिलाही घेऊन येईन. ती स्वतःच सांगेल, आता बोलते ती."

तेवढ्यात माझ्या गळ्यातल्या मोजपट्टीला खालून हिसका बसला. मुंगी रांग सोडून आली होती.

"आई, उद्या खेकडा पाहिजे."

मोठ्या बाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "कुठल्या रंगाचा?"