माशेझीचा हात

बेकानीला गोळी घालून मारलं ते त्याच्याच फाटकात, हातात पावाची लादी असताना. शाखेनं पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. मारणारे कुणाचे हे डोंगरावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं, पण नगरसेवक गुमेडेचं नाव कुणी ओठांवर आणत नव्हतं.

बहिणीनं, डुमाझिलेनं, फाटकावरचं रक्त धुतलं आणि भावाच्या जागी आपलं नाव दिलं. अधिवेशनात प्रतिनिधीला माईक मिळतो. पुढाऱ्यांच्या तोंडावर तिला ते एक नाव घ्यायचं होतं.

मग ती घरोघर फिरली. पुढ्यात मक्याची उकड नि आंबट दूध आलं की दोन घास खायची. मत मागायची नाही, फक्त सभेला या म्हणायची. निम्म्यांहून एक जास्त सभासद जमले नाहीत तर सभा होत नाही. दोनदा अशीच मोडली होती. ही मोडली तर शाखेतून कुणीच जाणार नव्हतं, आणि गुमेडेला तेवढंच हवं होतं. मध्येच एका सकाळी तिच्या कुत्र्याचं मुंडकं कुंपणाच्या तारेला टांगलेलं दिसलं. तिनं ते पुरलं आणि पुढच्या घरी गेली.

रविवारी शाळेचा हॉल पायांच्या ठेक्यानं हादरत होता. बायका गात होत्या:

आई, नको रडू आता माझ्या वाटेच्या धुळीला,
पाठ नाही दाखविली तुझ्या लेकानं गोळीला.

वरून आलेल्या निरीक्षकानं, कॉम्रेड सोसिबोनं, डोकी मोजली. पुरती भरली, वर एकही नाही.

तेवढ्यात काचा फुटल्या. गुमेडेची भाडोत्री माणसं गाठीच्या काठ्या नि सुरे घेऊन आत घुसली. म्हाताऱ्या शिक्षकाचा हात वाळक्या उसासारखा मोडला. डुमाझिलेनं खुर्चीचा पाय एकाच्या तोंडात हाणला आणि त्याचे दात फरशीवर पडेस्तोवर हाणत राहिली. शेवटी बाकांच्या रेट्यानं लोकांनी त्यांना बाहेर लोटलं.

गुमेडे खिडकीबाहेरच उभा होता. तोही शाखेचा सभासद, आत आला तर मोजला गेला असता.

"उचला की जखमींना," तो मायेनं म्हणाला. "दवाखान्यात न्या. माणुसकी आहे ना? गाडी माझी घ्या."

लोक उचलायला वाकले, आणि डुमाझिलेला उमगलं. एकाला उचलायला चौघं लागतात. सुरे मारण्यासाठी नव्हतेच, माणसं बाहेर काढून आकडा मोडण्यासाठी होते. तिनं दाराला कडी घातली आणि पाठ टेकून उभी राहिली.

कुणीतरी तिला म्हणालं, "सिसी, ताई, आत्या जाईल गं तुझी."

आत्या, माशेझी, भिंतीशी बसली होती. पोटावर धरलेली शाल काळी पडत चालली होती.

"मला उचलू नका, मोजा," ती म्हणाली. "आणि जरा लवकर मोज, कॉम्रेड. मला घाई आहे."

सोसिबोनं डुमाझिलेच्या नावावर हात वर करायला सांगितले. म्हातारीचा हात उचलेना. डुमाझिले तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, एक हात आपला, दुसऱ्यात आत्याचा, असे दोन्ही वर धरले. सोसिबो पुढच्या रांगेपासून काचांवरून चालत येत होता. डुमाझिलेच्या बोटांखाली मनगटाची नाडी पाखरासारखी फडफडली, थांबली, पुन्हा एकदा हलली. मग काहीच नाही. हात जड झाला.

तिनं तो खाली येऊ दिला नाही.

सोसिबो त्यांच्यापुढे थबकला. त्यानं म्हातारीच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं, मग डुमाझिलेकडे, आणि आकडा बोलला.

प्रतिनिधी ठरली. कुणी टाळी वाजवली नाही. कडी निघाली, आणि चौघांनी माशेझीला उचललं. पाय डुमाझिलेनं धरले होते.

दाराशी गुमेडेनं टोपी काढली. "अभिनंदन, सिसी. आत्या कशी गेली तेही सांगशील ना तिकडं?"

"सांगेन," ती म्हणाली. "तुझं नाव घेईन, आणि कडी कुणी घातली तेही सांगेन. सरक."

तो सरकला.