सात दिवसांचे सामान

शनिवारी दुपारी सुटणाऱ्या जहाजासाठी नीवेसने सोमवारपासूनच सामान भरायला घेतले. दारियाच्या रिकाम्या खोलीत पलंगावर दोन बॅगा उघडून ठेवल्या होत्या, तिची निळी आणि लिवियोची तपकिरी. मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रियात ग्राझला गेल्यापासून त्या खोलीचा उपयोग इस्त्रीचे कपडे ठेवण्यापुरताच उरला होता. सकाळची कॉफी झाली की नीवेस तिथे जाई, एखादा सुती झगा घडी करून ठेवी, मग तो काढून दुसरा ठेवी. रात्रीच्या मेजवानीसाठी गडद रंगाचा पोशाख, चपला, जहाज लागू नये म्हणून गोळ्या, आणि वीस वर्षांनी नव्याने घेतलेला पोहण्याचा पोशाख, जो तिने संकोचाने अगदी तळाशी सारला होता. कोर्फू, पिरेयस, कोटोर आणि पुन्हा आपले त्रिएस्ते. सात दिवसांचा प्रवास, त्याला लागते ते किती!

लिवियोने अडतीस वर्षे बंदरावर क्रेन चालवली होती. दुसऱ्यांची जहाजे भरण्यात त्याचा जन्म गेला, पण तो स्वतः कधी जहाजावर फिरायला गेला नव्हता, आणि बायकोने विषय काढला की "पाणी काय, खिडकीतून दिसतंच," एवढेच म्हणे. फेब्रुवारीत, बोरा वारा तीन दिवस दारेखिडक्या हादरवत होता त्या आठवड्यात, दोघे समोरासमोर बसून कोबी-घेवड्याचे सूप जेवत असताना नीवेस मान वर न करता म्हणाली होती, "मी दारियाकडे जाऊन राहीन म्हणते. कायमची." लिवियोने पावाच्या तुकड्याने ताटली पुसली, आणि तो म्हणाला, "मीठ कमी आहे." त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याने जेवणाच्या टेबलावर दोन तिकिटे आणून ठेवली. त्या वाक्याचा उल्लेख दोघांपैकी कोणीही पुन्हा केला नाही; ते घरात कुठेतरी पडून होते, आणि दोघेही त्याला वळसा घालून चालत होते.

मंगळवारी सकाळी नीवेस खोलीत गेली तेव्हा तिच्या बॅगेत, सुती झग्यांवर, तिचा लोकरीचा जाड कोट घडी करून ठेवलेला होता.

मे महिना होता. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. लिवियोला आताशा विसरायला होते, असे मनाशी म्हणून तिने तो उचलला आणि कपाटात लावून टाकला. पण घडी घालण्याची पद्धत तिच्या डोक्यातून जाईना. बाह्या पाठीमागे दुमडून, कॉलर आत वळवून, बटणे खाली ठेवून घातलेली ती घडी तिच्या आईची होती. आईने तिला शिकवलेली. लिवियोला आपला शर्टसुद्धा धड घडी करता येत नसे.

बुधवारी त्या जागी हिवाळी पायमोजे होते, आणि त्यांच्यात गुंडाळलेला आईवडिलांचा चौकटीतला फोटो, जो हॉलमधल्या कपाटावर असे. फोटोखाली दारियाच्या बाप्तिस्म्याचे लेसचे टोपडे होते. नीवेस बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिली. सात दिवसांसाठी कोणी मुलीचे टोपडे नेत नाही. हे सामान परत न येणाऱ्या माणसाचे होते. मग तिला फेब्रुवारीतले ते जेवण आठवले, नवऱ्याने न बोलता आणून ठेवलेली तिकिटे आठवली. जायचे म्हणतेस ना, मग जा, असेच तो सांगत होता. तोंडाने सांगायचे त्याला कधीच जमले नव्हते. तिने फोटो जागेवर ठेवला, टोपडे खणात टाकले, आणि दुपारी जेवताना त्याच्याकडे चोरून पाहिले. तो मासा सोलत होता. त्यानेही एकदा वर पाहिले आणि लगेच नजर खाली घेतली. त्या नजरेत तिला भीती दिसली, आणि त्याने कशाला भ्यावे हे तिला कळेना.

गुरुवारी सकाळी ती पाव घेऊन परतत असताना खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा मिलेना जिन्यात भेटल्या.

"मी रविवारी अकराला येते हं," मिलेना म्हणाल्या. "केक मी आणीन, तुम्ही काही करत बसू नका."

"कुठे येताय?"

"तुमच्याकडे. कॉफीला बोलावलंत ना काल?"

"रविवारी आम्ही जहाजावर असू, मिलेना."

"मीही तेच म्हटलं! तर तुम्ही म्हणालात, छे, आम्ही घरीच आहोत." त्यांनी नीवेसच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. "इथेच तर उभ्या होतात, या पायरीवर. बरं वाटत नाही का तुम्हाला?"

आदल्या दिवशी नीवेस घराबाहेर पडलीच नव्हती. ती काहीतरी पुटपुटून वर आली. हातातला पाव स्वयंपाकघरात ठेवण्याचेही भान तिला राहिले नाही. ती तशीच दारियाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत लिवियो होता. तपकिरी बॅगेवर वाकून तो घाईघाईने काहीतरी बाहेर काढत होता, आणि तिची चाहूल लागताच चोरी पकडल्यासारखा थबकला. त्याच्या हातात त्याची थंडीतली कानटोपी होती, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांचे पाकीट.

"हे तूच भरतेयस ना?" त्याने विचारले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "सरळ सांग एकदा. मला माझ्या भावाकडे पाठवायचं ठरवलंयस ना? परत आल्यावर धक्क्यावरूनच जायचं, असंच ना?"

"मी?"

"मंगळवारपासून बघतोय. टोपी, कागद, बाबांचं घड्याळ. रोज काढून ठेवतोय, तुला कळू नये म्हणून."

नीवेस पाव छातीशी धरून पलंगावर बसली. "मला वाटलं, तू मला घालवतोयस," ती म्हणाली.

मग दोघांनी एकमेकांना सगळे सांगितले, कोट, टोपडे, घड्याळ, जिन्यातल्या मिलेना. सांगता सांगता एका क्षणी लिवियोला हसू फुटले आणि पाठोपाठ तिलाही, कारण तीन दिवस दोन म्हातारी माणसे चोरपावलांनी आपापल्या बॅगा रिकाम्या करत होती. हसणे ओसरल्यावर तो तिच्या शेजारी बसला. "मीठ कमी नव्हतं त्या दिवशी," तो म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही." तिने त्याचा खरबरीत हात हातात घेतला. इतक्या वर्षांत त्या दोघांमध्ये झालेले ते सर्वांत लांब बोलणे असेल, आणि ते ज्याच्यामुळे झाले, त्याचा विचार त्या घटकेला दोघांनीही केला नाही.

तो विचार दुपारनंतर आला. सामान तू भरले नाहीस, मीही भरले नाही. घराला किल्ल्या तीन; दोन या दोघांकडे, तिसरीसाठी त्यांनी ग्राझला फोन लावला. "माझ्या खणातच आहे की," दारिया म्हणाली. "काय झालं आई? चोरीबिरी तर नाही ना?" "चोरी नाही," नीवेस म्हणाली, आणि ते खरेच होते; घरातून काही गेले नव्हते. मिलेनाबाईंना वयोमानाने भ्रम झाला असेल, असे लिवियो म्हणाला. कोटाचे काय, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर त्याला उत्तर शोधत बसावे लागले असते, आणि सकाळपासून घरात जो हलकेपणा आला होता तो तिला मोडायचा नव्हता.

शुक्रवारी त्यांनी दोन्ही बॅगा मिळून भरल्या. एकेक वस्तू तो मोठ्याने म्हणे आणि ती ठेवी. पोहण्याचा पोशाख सापडला तेव्हा "अरे वा, सिन्योरा!" म्हणून त्याने तिला चिडवले आणि ती लाजली. बॅगांना कुलुपे लावून त्याने त्या स्वतःच्या झोपायच्या खोलीत आणल्या, आणि निळी हाताने तोलून पाहिली. जन्मभर वजने उचललेल्या माणसाचा अंदाज होता. "सतरा," तो म्हणाला. न्हाणीघरातल्या काट्यावर सतरा किलो आणि वर थोडे भरले.

शनिवारी घर बंद करताना त्यांनी गॅस पाहिला, नळ पाहिले, खिडक्यांच्या लाकडी झडपा एकेक करून लावल्या. दार ओढून घेतल्यावर लिवियोने ते खांद्याने ढकलून पाहिले. टॅक्सीत ती त्याला टेकून बसली होती.

धक्क्यावर मोठी रांग होती. सामान घेणाऱ्या दणकट बाईने चिठ्ठी बांधून निळी बॅग पट्ट्यावर घेतली आणि तिच्या तोंडून एक हुंकार निघाला.

"काय आजी, बिऱ्हाड हलवताय की काय? सव्वीस किलो आहे ही."

लिवियोने पुढे होऊन बॅगेची कडी धरली, उचलली आणि खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला. कुलूप होते तसे होते, किल्ली त्याच्या बनियनच्या आत साखळीला होती, आणि बॅग रात्रभर त्याच्या उशापासून हातभर अंतरावर होती.

"उघडून काही काढायचंय का?" बाईने विचारले. "काढायचं तर तिकडे बाजूला व्हा. मागे लोक खोळंबलेत."

तो नीवेसकडे पाहत राहिला. बॅग उघडली तर आत कोट, फोटो, टोपडे असणार हे तिला बघितल्याशिवायही ठाऊक होते. आणि ते दिसले की दोघे घरी परत जातील, समोरासमोर बसतील, आणि पुन्हा कोणी काही बोलणार नाही. दोन दिवसांपूर्वी मिळालेला नवरा तिला इतक्यात हरवायचा नव्हता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "असू दे सव्वीस."

पट्टा हलला आणि बॅग रबरी पडद्याआड गेली.

साडेचारला जहाजाने तीन दीर्घ भोंगे दिले. वरच्या डेकवर लोक कठड्याला रेलून किनाऱ्यावरच्या माणसांना हात करत होते, कोणी फोटो काढत होते. धक्का आणि जहाज यांच्यातली पाण्याची रेघ हळूहळू रुंदावत गेली, मग चौक दिसू लागला, मग त्याच्यामागची शहराची उतरण, चर्च, आणि उजवीकडे टेकडीवर त्यांची पिवळी इमारत. लिवियोच्या गळ्यात दुर्बीण होती. क्रेनवर काम करताना होती तीच. त्याने ती सवयीने डोळ्यांना लावली आणि लहान मुलासारखा घर शोधू लागला.

"सापडलं," तो म्हणाला. मग दुर्बीण खाली घेऊन त्याने तिची काच पुसली आणि ती पुन्हा डोळ्यांना लावली.

"काय झालं?"

"स्वयंपाकघराची झडप तू लावली होतीस?"

"दोनदा बघितली."

त्याने दुर्बीण तिच्याकडे दिली. आधी आकाश दिसले, छपरे दिसली, मग पिवळी भिंत. झडपा सताड उघड्या होत्या. बाल्कनीत एक बाई टेबलावरचे कापड झटकत होती, कोपरे धरून, दोन झटके खाली आणि एक बाजूला, नीवेस झटकी अगदी तसेच. तिच्यामागून दारात एक पुरुष आला आणि त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. बाईने मान वळवली नाही. त्या हाताची तिला सवय असावी. दोघे जहाजाकडे पाहत होते, पण त्यांच्या बघण्यात निरोप नव्हता, ओळख नव्हती. रोज बंदरातून एखादे जहाज निघते, तसे हेही निघाले होते.

नीवेसने दुर्बीण परत केली. लिवियो पुन्हा पाहू लागला, आणि या खेपेला खूप वेळ पाहत राहिला. जहाज वळत होते, वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते, तरी त्याने दुर्बीण खाली घेतली नाही.

"आता काय करतायत?" तिने विचारले.

"काही नाही," तो हळूच म्हणाला. "हसतेयस तू."