लेकीचा हिस्सा आणि सहा आकडे

आमच्या संगमेश्वराला बहीण वर्षातून दोनदा आठवते. एकदा नागपंचमीला, आणि एकदा त्याचं काही अडलं की. एरवी ती घरात आली तरी हा खुर्चीवरून उठत नाही, फोनमधून मान वर काढत नाही. पोटचा आहे म्हणून झाकून ठेवावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून सांगते.

त्या दिवशी मी वाल सोलत बसले होते. संगमेश्वर आला तो थेट माझ्याजवळ मांडी घालून बसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"अव्वा, तुझ्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे सांग. अक्कालाबी फोन लाव, तिच्याकडचेबी पाहिजेत."

"कशाचे आकडे?"

"जागेच्या कागदाचे. होस्टेलचं काम अडून राहिलंय."

जागा म्हणजे आमची लातूरची, क्लासच्या रस्त्याला लागून. किल्लारीचं घर भूकंपात बसलं तेव्हा आम्ही चौघं अंगावरच्या कपड्यानिशी इथं आलो. माझ्या मालकांनी माळावर ही जागा घेतली. तेव्हा तिथं कुत्रंसुद्धा थांबत नव्हतं. मंजुश्री बारा वर्षांची होती. तिची शाळा सुटली ती सुटलीच. तिनं डोक्यावरून पाणी आणलं, त्या पाण्यात आमच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. संगमेश्वर पाच वर्षांचा होता, तो शिकला. आता डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावहून लातूरला येतात, त्यांना राहायला जागा पुरत नाही, म्हणून आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर संगमेश्वराला होस्टेल बांधायचंय. दोन वर्षांमागं मालक गेले आणि कागदावर आम्हा तिघांची नावं लागली.

मी मंजुश्रीला फोन लावला. म्हटलं, "भाऊ हाय तुझा, सांगून टाक आकडे." तिनं सांगितले. मीही सांगितले. चूक माझी, ती मी लपवत नाही. आमच्याकडं रीतच अशी. बाप गेला की लेकीनं हिस्सा भावाला सोडायचा, त्यानं साडीचोळी करायची, आणि तिनं म्हणायचं, माझं माहेर राहिलं. पूर्वी त्यासाठी तिला तालुक्याला नेऊन अंगठा घ्यावा लागे. आता संमतीच्या सहीला उंबऱ्याबाहेरही काढावं लागत नाही, फोनवरचे सहा आकडे पुरतात; रजिस्टरी तेवढी मागाहून. तव्यावरची पोळी उलटेपर्यंत तिचा हिस्सा गेल्यात जमा असतो.

आठ दिवसांनी मंजुश्री आली. नवरा वारल्यापासून ती भाड्याच्या खोलीत राहते, क्लासच्या वीस मुलींचे डबे करते. खोलीवाल्यानं तिला खोली सोडायला सांगितली होती.

"अव्वा, मला त्या जागेवर दोन खोल्या पाहिजेत. एक राहायला, एक डब्यांच्या कामाला. आकडे दिले तवा कागद वाचला नव्हता मी. आता माझं मन मानत न्हाई."

"अगं, पण सही झाली न्हवं?"

"झाली. काय सही झाली ती ऐक तरी."

तिनं फोनवरचा कागद वाचला. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, माझा हिस्सा कायमचा सोडत आहे.' खाली माझ्या नावानंही तेच. राजी आहेस का, असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. शाळेतून काढताना नाही, लग्नातही नाही. आणि कागदावर मी राजी होऊन बसले होते.

"वही घे," मी म्हटलं.

मंजुश्रीनं लिहिलं, आम्ही न वाचता संमती दिली, ती मागं घेतो. तेच फोनवरून भावाला आणि होस्टेल बांधणाऱ्या ठेकेदाराला पाठवलं, शिवाय कागद पोस्टानं धाडला. पावती मी कमरेच्या पिशवीत घातली.

संगमेश्वर तावातावानं आला. "मोबाईलची सही मागं येत न्हाई, अव्वा. झालं ते झालं."

"मग गुरुवारी आम्हाला रजिस्टरीला कशाला बोलवतोस? झालंय तर एकटाच जा की."

तो बहिणीकडं वळला. "अक्का, घे हिस्सा. पण मग पंचमीला ह्या दारात यायचं न्हाई."

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, जिंकलो. जाता जाता फोनवर कोणाला तरी म्हणाला, "येऊ द्या ऑफिसात. साहेबापुढं तिच्या तोंडातून 'न्हाई' निघायचं न्हाई."

गुरुवारी त्यानं गाडी आणली, दोन साड्याही आणल्या. आम्ही गेलो. साड्या गाडीतच राहू दिल्या. साहेबानं कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "मंजुश्रीबाई, राजीखुशीनं हिस्सा सोडताय ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिचा हात धरला नाही. हे तिचं तिनंच बोलायचं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "आधी हाव म्हणले, ते न वाचता. आता वाचलंय. न्हाई."

"आणि आजी, तुम्ही?"

"माझंबी न्हाई. लिहून घ्या."

साहेबानं कागद मिटला. "मग नोंद होत नाही."

बाहेर आल्याबरोबर संगमेश्वर माझ्या अंगावर आला. "चार लोकांत माझी शोभा केलीस. उद्या तुला सांभाळणार कोण?"

पायरीवर बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. बरंच झालं. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "माझ्या सांभाळण्याचं राहू दे, संगमेश्वर, निवाडा ऐक. जागेवर तीन नावं हायत, तीनच राहतील. नकाशात आधी अक्काच्या दोन खोल्या काढायच्या, मग तुझं होस्टेल. पंचमीला दार मी उघडीन, त्या घरावर माझंबी नाव हाय. सोडलं तर बहीण गुणाची आन मागितलं तर वैरीण, ही रीत आज माझ्या घरात मेली. आपण लिंगायत, आपल्यात सुतक नसतं. तवा तोंड पाडून बसू नको. गाडी काढ, अक्काला वीस डबे करायचे हायत."