चौथा टप्पा

डोंगरावरच्या त्या गावातून खाली शहरात उतरायला एकच साधन होतं, रोपवे. रस्ता होता एकेकाळी, पण दरड कोसळून तो बंद पडला आणि दुरुस्तीचं घोंगडं असं भिजत पडलं की पुढे कोणी त्याचं नावही काढेना. मग रोपवेच्या कंपनीला रान मोकळं झालं. दोर जुना, ट्रॉली लहान, पेलणार ती मोजकंच. तेव्हा ज्याचं जितकं वजन त्याला तितकं भाडं, असा कंपनीने सरळ न्याय लावला. चार टप्पे पाडले. पहिला काडीपैलवानांचा, दुसरा बेताच्या माणसांचा, तिसरा खात्यापित्या घरच्यांचा. चौथ्याचं भाडं तर असं होतं की ऐकूनच माणसाचं किलोभर वजन जागेवर उतरावं.

पहिल्यांदा लोकांनी आरडाओरडा केला. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलेलं नाही. कारकून मंडळी बुटांचा जोड शहरातच ठेवायला लागली आणि सकाळी गार फरशीवर अनवाणी रांगेत उभी राहायला लागली. बायकांनी मोठ्या पर्स माळ्यावर टाकल्या. केस कापणाऱ्याचा धंदा तेजीत आला. केसांचं असं वजन ते किती, पण लोकांची समजूत. लग्नाची बोलणी करताना पगार नंतर, आधी टप्पा विचारत. आणि ‘किती उतरलात हो तुम्ही!’ याहून मोठी शाबासकी त्या गावात उरली नाही.

ही शाबासकी वाटायचं काम काटेताईचं. वरच्या स्टेशनात शिरलं की डाव्या हाताला जमिनीसरशी बसवलेला काटा होता. माणसाने त्यावर उभं राहायचं, की भिंतीवरच्या परातीएवढ्या तबकडीत काटा फिरायचा. तबकडी रांगेच्या तोंडावर, म्हणजे लबाडी झाली अशी तक्रार नको. शेजारी टेबल, टेबलामागे स्टुलावर काटेताई. आकडा मोठ्याने पुकारायचा, तिकिटाला भोक पाडायचं, पुढचा. तिचा आवाज असा खणखणीत की ट्रॉलीत जाऊन बसलेल्यांनाही मागच्याचं वजन कळायचं. मनाने ती वाईट नव्हती. कोणी उतरलं की मनापासून खूश व्हायची, कोणी चढलं की ‘बघा जरा’ म्हणून हळूच दटावायची. तिने लग्न केलं नव्हतं. करायचं राहून गेलं होतं. थोरल्या भावाकडे राहायची.

हा भाऊ, तिचा दादा, शहरातल्या मोठ्या हॉटेलात आचारी होता. दिवसभर सुपं, रस्से, भाजलेलं मांस आणि ताजे पाव यांच्यात वावरणारा माणूस, त्यात चव घेतल्याशिवाय ताट बाहेर जाऊ न देणारा. शहाण्णव किलो. सगळ्या गावात रोज ये-जा करणारा चौथ्या टप्प्यातला एवढा एकच, म्हणून लोक त्याला ‘चौथा’च म्हणायचे. ‘चौथा आला, दोर तपासा रे!’ असं कोणी ओरडलं की सर्वांआधी हसणार तोच. पण पगारातला मोठा लचका ते भाडं तोडायचं, हेही खरंच. दर वर्षी तो बारीक व्हायची शपथ घ्यायचा. पाव सोडायचा, संध्याकाळी टेकडी चढायचा, आठवडाभर कोबी खाऊन सगळ्यांवर चिडचिड करायचा. काटा मात्र ढिम्म हलायचा नाही.

त्या वर्षी हलला.

आधी दोन किलो, मग आणखी तीन. काटेताईने नव्वदच्या खालचा आकडा पुकारून टाळी वाजवली, तेव्हा सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. ‘चौथा तिसऱ्यात गेला!’ ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. दादाने काट्यावरच झुकून नमस्कार केला. लोक त्याला गुपित विचारायला लागले. तो म्हणायचा, ‘काही नाही हो, भूकच लागत नाही आता. मन घट्ट केलं की होतं सगळं.’ ताई घरी आली की वहिनीला आजचा आकडा सांगायची, आणि वहिनी तो शेजारणीला सांगायची. दोघींना अभिमान वाटत होता. त्याच्या विजारी आत घेता घेता वहिनीची बोटं दुखायला लागली, पण तेही ती कौतुकानेच सांगायची.

तो दुसऱ्या टप्प्यात आला तेव्हा घरी जेवण ठरलं. स्टेशनवरची माणसं, शेजारपाजार, सगळे. स्वयंपाक त्यानेच केला. फक्त सुपात मीठ दुप्पट पडलं, आणि त्याला ते कळलं नाही. पाहुण्यांनी हसून गोड करून घेतलं. तो मात्र दोन चमचे घेऊन ताट बाजूला सारून बसला. ट्रॉलीवाला घास चावता चावता म्हणाला, ‘जिभेवर ताबा असावा तर असा! समोर एवढं मांडलंय आणि गडी बघतसुद्धा नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. काटेताईने तर टेबलावर चमचा वाजवला.

पुढे तीन आठवड्यांनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात तो ओट्याला धरून खाली बसला. तिथल्या माणसांनी त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावलं. वहिनी गेली, ताईही रजा टाकून गेली. खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि टेबलावर कोणाच्या तरी चहाचा अर्धा कप गार होऊन पडला होता.

‘वजन कधीपासून कमी होतंय?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘उन्हाळ्यापासून!’ वहिनी म्हणाली. तिचा आवाज सवयीने उजळला. ‘शहाण्णव होते, आता सहासष्ट आहेत. दोन टप्पे उतरले.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘तीस किलो. आणि तुम्ही कोणी काही केलं नाही?’

‘केलं ना,’ वहिनी म्हणाली, ‘सगळ्यांना जेवण दिलं.’

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. ताई खाली बघत होती. बाईंनी नंतर जे सांगितलं त्यातलं अर्धं दोघींच्या डोक्यावरून गेलं, पण मुद्दा समजला. गाठ पोटात होती आणि बरेच महिने होती. दर बुधवारी यायचं, सलाईनमधून औषध द्यायचं. औषध जालीम आहे, शरीरात ते सोसायला काहीतरी शिल्लक हवं. ‘पंचावन्न किलोच्या खाली गेले तर मी औषध थांबवेन,’ बाई म्हणाल्या. ‘मग माझ्याकडे करण्यासारखं काही राहणार नाही. खायला घाला. जे जाईल ते घाला.’

ट्रॉलीने वर येताना तिघं एकाच बाकावर बसली होती. दादा काचेतून खाली बघत होता. तसाच बघत म्हणाला, ‘गावात कोणाला सांगू नका. चौथा म्हणून हसत होते तेच बरं होतं. बिचारा म्हणून हाक मारलेली मला नाही सोसायची.’

म्हणून गावाला काही कळलं नाही, आणि बुधवारची सकाळ काटेताईला नकोशी झाली. जिने शंभर माणसांना उतरा उतरा म्हणून सांगितलं, ती आता त्या तबकडीकडे बघून मनात चढ चढ म्हणत बसायची. घरात वहिनी दिवसभर चुलीशी. लोणी घातलेलं सूप, दुधात कुस्करलेला पाव, मऊ उकडलेलं अंडं. तो एक घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘छान झालंय.’ चव त्याला लागत नव्हती हे तिला माहीत होतं. थोड्या वेळाने मोरीतून आवाज यायचा आणि वहिनी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहायची.

त्रेसष्ट. साठ. अठ्ठावन्न.

‘अरे चौथ्या, पहिल्यात पोचलास की!’ रांगेतून कोणीतरी ओरडायचं. ‘आमच्या बायकोला जरा शिकव!’ दादा हात वर करून हसायचा. कातडी सैल पडलेल्या चेहऱ्यावर ते हसू मावेनासं झालं होतं. ताईला वाटायचं, उठावं आणि त्या ओरडणाऱ्याच्या मुस्कटात ठेवून द्यावी. पण कोणत्या तोंडाने? पहिल्या टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या. शहाण्णवपासून सहासष्टपर्यंतचा एकेक आकडा तिने स्वतःच्या खणखणीत आवाजात पुकारला होता, आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की हा माणूस डोळ्यांदेखत संपत चाललाय. एकदाही नाही. हे तिला खाल्लेल्या प्रत्येक घासाबरोबर आठवायचं, आणि तरी ती जेवायची, कारण समोर बसून कोणीतरी जेवलं तर दादाही एखादा घास घेईल अशी वहिनीला आशा होती.

मग साडेपंचावन्न. त्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, पण बाहेर येऊन वहिनीला म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी बघू.’ त्या ‘बघू’चा अर्थ न कळण्याइतकी वहिनी भोळी नव्हती. तो आठवडा ती झोपली की नाही कोण जाणे. दर तासाला वाटी घेऊन त्याच्याजवळ जायची. शेवटी दोन दिवस त्याच्या पोटात बऱ्यापैकी सूप राहिलं. वहिनी ताईला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, ‘राहिलं गं! या वेळी बघ, वाढलेलं असणार. मला वाटतंयच तसं.’ ताईने मान हलवली. दादाला आंघोळ घालताना धरायला तीच गेली होती. पाठीवरून हात फिरवताना हाताला काय लागलं, ते तिने वहिनीला सांगितलं नाही.

बुधवारी रांग नेहमीसारखीच होती. वहिनी आधी काट्यावर चढली, तिकीट घेऊन ट्रॉलीच्या फाटकापाशी जाऊन थांबली आणि तबकडीकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने फाटकाचा गज धरला होता. मग दादा आला. चढायला वीतभरही उंची नव्हती, तरी त्याने टेबलाचा आधार घेतला.

काटा फिरला, थरथरला आणि बावन्नवर आला.

ताईने पुकारायला तोंड उघडलं. वहिनीचे ओठ हलत होते; ती काहीतरी मोजत किंवा मागत होती. ताईचा पाय स्टुलावरून कधी खाली गेला ते तिलाही कळलं नाही. टेबलाआडून तिने चप्पल काट्याच्या कडेवर टेकवली आणि दाबली. नोकरीत तिने असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे किती दाबायचं याचा अंदाज नव्हता. काटा एकदम साठाला जाऊन भिडला. तिने घाबरून पाय सैल केला. काटा डुलत डुलत मागे आला आणि सत्तावन्नवर कसाबसा थांबला.

‘सत्तावन्न!’ तिने पुकारलं.

‘गेला, ताबा गेला!’ रांगेत हशा पिकला. ‘चौथ्या, चोरून काय खाल्लंस रे?’

‘अहो, वाढलं!’ वहिनी ओरडली. ‘दीड किलो वाढलं!’ गज सोडून तिने दोन्ही हात तोंडावर धरले. वजन वाढलं म्हणून आनंदाने रडणारी बाई त्या स्टेशनात कोणी पाहिली नव्हती. लोक आणखीच हसले.

दादा तबकडीकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली. त्याला चप्पल दिसली, दाबून पांढरी पडलेली बोटं दिसली. ताईला वर बघायचा धीर झाला नाही.

‘वाढणारच,’ तो वहिनीला म्हणाला. आवाज मोठा काढायला त्याला कष्ट पडले. ‘दोन दिवस तुझं सूप पितोय. चेष्टा आहे का?’

तो टेबलाला धरून सावकाश खाली आला. ताईने तिकिटाला भोक पाडलं, ते वाकडं पडलं. तिकीट घेताना तो तिच्या कानाशी झुकला आणि हळूच म्हणाला, ‘पाय काढ आता. मी उतरलोय.’

तिने तबकडीकडे पाहिलं. रिकाम्या काट्यावर पाच किलो दिसत होते. तिने पाय काढला.

ट्रॉलीत वहिनीने त्याला खिडकीशी बसवलं, अंगाभोवती शाल नीट केली आणि काचेतून ताईकडे बघून हात हलवला. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. दादानेही हात हलवला. दार लागलं, दोर करकरला आणि ट्रॉली कडेवरून खाली सुटली. खाली पोचायला जेमतेम पाव तास लागायचा. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरीणबाईंचा काटा होता, आणि त्याच्यापाशी दादाचं कोणी बसत नव्हतं.