डाव्या कडेला आलेला ठिपका

खुर्ची कुरकुरली. नणंद लॅपटॉपवर आणखी वाकली होती. ती फोटो स्टुडिओत काम करते. मी काढलेले सूर्याचे शेवटचे नऊ फोटो पुढेमागे करत होती.

"वहिनी, कॅमेरा साफ कधी केला होतास?"

"मी? त्याच्या वस्तूंना हात लावायची टाप होती का कुणाची!"

अंगणातली दुर्बीण माझ्या नवऱ्याची. तिच्या तोंडावर काळी काच बसवायची, मागे कॅमेरा जोडायचा, आणि रोज सकाळी नऊला सूर्याचा एक फोटो. त्याने अंथरूण धरलं तसं हे काम माझ्याकडे आलं. सूर्य स्वतःभोवती फिरतो तसा त्याच्यावरचा एक मोठा डाग उजव्या कडेने मागे गेला, त्या दिवशी तो म्हणाला, "चौदा दिवसांनी डावीकडून परत येईल. तो आला की मीही उठतो, बघच तू. डॉक्टरपेक्षा सूर्य वेळेचा पक्का."

चौदाव्या दिवशी डाव्या कडेला ठिपका दिसला. कॅमेरा काढून घेऊन चपलांसकट आत धावले मी. त्याने कॅमेरा डोळ्यांशी धरला, बराच वेळ. मग हसला. "आला की गं!"

त्या दिवशी अर्धी वाटी सूप प्यायला. दोन दिवसांनी गेला.

फोटो मी थांबवले नाहीत. सकाळी नऊला दुसरं काय करायचं, तेच मला सुचत नव्हतं.

"हे बघ," नणंद हळूच म्हणाली, "फोटोच्या चौकटीत सूर्य रोज थोडा इकडेतिकडे झालाय. ठिपका मात्र नऊही फोटोंत जिथल्या तिथे. डाग नाही गं हा. कॅमेऱ्यात धूळ बसलीये."

"अगं, पण तो स्वतः म्हणाला, आला म्हणून!"

तिने पर्समधून रबरी फुगा काढला. बारा वर्षं डाग टिपणारा माणूस तो. धूळ त्याने झोपेतसुद्धा ओळखली असती. पण शेवटी शेवटी त्याला माझा चेहराही नीट दिसत नव्हता. जवळ गेले की चाचपून बघायचा.

नणंदेने रबरी फुगा दाबून कॅमेऱ्यात हवा मारली. मी अंगणात जाऊन नवा फोटो काढला. डावी कड कोरी होती.

लेक कधीची येऊन माझ्या कुशीला टेकली होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"आई, ती धूळ होती हे बाबांना कळलं होतं का गं?"